पतंगाचा मेंदू आणि वास

पतंगाचा मेंदू आणि वास : रात्री उडणारा पतंग (दिव्यावर झेपावणारा किडा, फुलपाखराचा भाऊबंद) हवेतला वास कसा टिपतो, त्या वासाची मेंदूत फोड कशी होते आणि त्यावरून कुठे वळायचं हे तो कसं ठरवतो, याची ही नोंद. आमच्या घरात पतंग काय नि फुलपाखरू काय, दोघांनाही पिसोळंच म्हणतात, पण वासाच्या बाबतीत पतंगावर जितकं काम झालंय तितकं फुलपाखरावर नाही, कारण अंधारात पतंगाचा निम्मा संसार वासावरच चालतो : नराला मादी शोधायची ती वासावर, फूल शोधायचं ते वासावर, मादीला अंडी घालायला नेमकं झाड हवं तेही वासावर. यातलं जे काही नीट माहीत आहे ते मुख्यतः दोन जातींवरून, एक रेशमाचा पतंग बॉम्बिक्स मोरी आणि दुसरा अमेरिकेतला तंबाखूवरचा मांडुका सेक्स्टा, आणि बाकीच्या जातींना तेच थोडंफार फरकाने लावलं जातं.

इतिहास : फ्रान्समधले कीटक निरीक्षक फाब्र यांच्या घरी एकोणिसाव्या शतकात मोठ्या मोर पतंगाची एक मादी कोशातून बाहेर आली, त्यांनी ती जाळीखाली ठेवली आणि त्याच रात्री चाळीसेक नर खिडकीतून घरात शिरले. फाब्र यांनी मादी कधी जाळीत कधी बंद डब्यात ठेवून बघितली, डबा घट्ट बंद असला की नर येत नाहीत हेही त्यांना दिसलं, तरी एवढ्या लांबून वास येऊ शकतो यावर त्यांचं मन पूर्ण बसेना आणि काहीतरी लहरींसारखं असावं असं ते म्हणत राहिले. हा लहरींचा विचार पुढे विसाव्या शतकातही डोकावला, अमेरिकेतल्या कॅलाहन यांनी पतंगाच्या मिशा अवरक्त किरण पकडतात असं मांडलं, पण तो पक्ष टिकला नाही आणि आज रासायनिक वासाचाच पक्ष धरायला हवा. त्याचा पक्का पुरावा 1959 चा. जर्मनीतल्या बुटेनांट यांच्या गटाने सुमारे 5 लाख रेशीम माद्यांच्या ग्रंथींतून एक द्रव्य वेगळं काढलं, त्याला बॉम्बिकॉल म्हणतात, आणि रासायनिक रचना कळलेला हा पहिला फेरोमोन (मराठीत शेतीवाले कामगंध म्हणतात). फेरोमोन हा शब्दही त्याच वर्षी कार्लसन आणि ल्यूशर यांनी घडवला. त्याआधी दोन वर्षं श्नायडर यांनी कापलेल्या शृंगिकेच्या दोन टोकांना तारा जोडून वास सोडल्यावर वीज किती हलते ते मोजायची युक्ती काढली होती, आणि ती आजही रोज वापरात आहे.

शृंगिका : म्हणजे मिशा. मागच्या पावसात आमच्या बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) भिंतीवर अ‍ॅटलास पतंगाचा नर सकाळपर्यंत बसून होता (पश्चिम घाटातल्या या पतंगाला काही अभ्यासक टॅप्रोबॅनिस ही वेगळी जात मानतात, काही नाही), भिंग लावून बघितलं तर मिशी म्हणजे एक काडी नसून दोन्ही बाजूंनी दात असलेला कंगवा, त्या प्रत्येक दातावर पुन्हा बारीक लव, आणि ही लव हेच पतंगाचं नाक. मादीची मिशी याच्या मानाने अरुंद. रेशमाच्या नराच्या एका शृंगिकेवर असे कामगंध टिपणारे लांब केस सुमारे 17,000 असतात, प्रत्येक केस आतून पोकळ, द्रवाने भरलेला, भिंतीला सूक्ष्म भोकं आणि आत बहुधा दोन चेतापेशी, एक बॉम्बिकॉलला जागी होणारी आणि दुसरी बॉम्बिकाल या त्याच्याच जवळच्या दुसऱ्या द्रव्याला. काइसलिंग आणि प्रीझ्नर यांनी 1970 च्या सुमारास दाखवलं की बॉम्बिकॉलचा एक रेणू लागला तरी पेशीतून विजेचा एक ठोका निघू शकतो. अर्थात एका ठोक्यावर नर हलत नाही, पेशी वास नसतानाही अधूनमधून ठोके देतच असतात, तेव्हा बऱ्याच पेशींचे ठोके एकदम आले की मगच मेंदू दखल घेतो.

केसाच्या आत काय होतं यावर मोठा वाद झालाय आणि तो इथे सविस्तर द्यायला हवा. कामगंधाचा रेणू तेलकट, केसातला द्रव पाण्याचा, मग तो पार कसा होतो? 1981 मध्ये व्होग्ट आणि रिडिफर्ड यांना पॉलिफेमस पतंगात एक प्रोटीन सापडलं जे रेणूला पोटात घेऊन जातं, पण ते नुसतं वाहक आहे की उरलेला वास आवरून टाकणारंही आहे यावर एकमत नाही. रेशमाच्या पतंगातलं हे प्रोटीन आम्लता वाढली की आकार बदलून रेणू सोडतं, त्यामुळे वाहक हे काम तरी नक्की धरता येतं. पुढचा प्रश्न रिसेप्टरचा (पेशीच्या भिंतीवरचं, वासाचा रेणू ओळखणारं प्रोटीन). बॉम्बिकॉलचा रिसेप्टर 2004 मध्ये सापडला. आपल्या नाकातले रिसेप्टर वास लागल्यावर आत निरोप्या (दुसरा एखादा रेणू) पाठवतात आणि मग पेशीत विद्युतभार सोडणारं दार उघडतं, तर कीटकांत तसंच असेल असं सगळे धरून चालले होते, पण 2008 मध्ये एकाच वेळी दोन गटांनी सांगितलं की कीटकांचा रिसेप्टर आणि त्याचा कायमचा जोडीदार ऑर्को हे दोघे मिळून स्वतःच दार आहेत. त्यातल्या साटो-तोउहारा गटाचं म्हणणं की निरोप्याची गरजच नाही, आणि विशर-हान्सन गटाचं म्हणणं की दार आहे पण निरोप्याही मागून येतो. मांडुकावर काम करणाऱ्या श्टेंगल यांचा गट अजूनही निरोप्याच्या बाजूचा आहे. 2018 मध्ये ऑर्कोची रचना थेट दिसली, चार तुकड्यांचं मधोमध भोक असलेलं दार, त्यामुळे झटकन होणारी पहिली प्रतिक्रिया थेट दारातून आणि निरोप्याचं काम संवेदना कमी-जास्त करण्यापुरतं, हा मधला पक्ष जास्त पटतो.

अँटेनल लोब : शृंगिकेतून निघालेल्या तारा मेंदूच्या या पहिल्या ठाण्यावर येतात. मांडुकाच्या एका शृंगिकेत सुमारे 3 लाख वासपेशी, पण लोबमध्ये गोळे (ग्लोमेरुलस) साठच्या थोडे वर, आणि एका जातीच्या रिसेप्टरच्या सगळ्या तारा शृंगिकेवर कुठूनही निघाल्या तरी एकाच गोळ्यात जमतात. वासाचं पहिलं वर्गीकरण इथे होऊन जातं, कुठला गोळा पेटला त्यावरून. नरात मात्र तार आत शिरते त्या जागेजवळ काही गोळे भलतेच मोठे असतात, हे फक्त कामगंधाचे, आणि त्यातसुद्धा कामगंधाच्या एका घटकाला एक गोळा, दुसऱ्याला शेजारचा. 1980 च्या दशकात हिल्डेब्रँड यांच्या प्रयोगशाळेत नर अळीतला शृंगिकेचा अंकुर मादी अळीत बसवला, तर त्या मादीच्या मेंदूत नराचे मोठे गोळे तयार झाले. म्हणजे मेंदू आधी बांधून नाक त्याला जोडलेलं नाही, नाकाने मेंदूला घडवलं, आणि हा प्रयोग या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर आहे असं मला वाटतं.

कामगंध म्हणजे एक द्रव्य असं क्वचितच असतं, बहुतेक वेळा दोन-तीन द्रव्यांचं प्रमाण असतं आणि प्रमाण चुकलं की नर वळत नाही. युरोपातल्या मक्याच्या खोडकिड्याचे दोन वंश आहेत, द्रव्यं दोघांची तीच दोन (एकाच रेणूचे दोन आकार, झेड आणि ई), पण एकात झेड प्रकार जवळजवळ सगळा आणि ई चिमूटभर, दुसऱ्यात बरोबर उलट. दोघांच्या मेंदूत मोठा गोळा नि लहान गोळा त्याच जागी, पण मोठा गोळा ज्याचं त्याचं मुख्य द्रव्य ऐकतो, म्हणजे जोडणीच उलटी झालेली आहे (2008). नराची आवड बदलणारं जनुक 2021 मध्ये सापडलं तेव्हा ते रिसेप्टरचं निघालं नाही, चेतासंस्था घडवणाऱ्या बॅब या जनुकाच्या भागात निघालं.

वेळेचा प्रश्न : वास हवेत सरळ पट्ट्यासारखा येत नाही, अगरबत्तीचा धूर पंख्याखाली तुटतो तसा तो तुकड्या-तुकड्याने येतो, आणि नराला हे तुकडेच हवे असतात. बदामी पतंगावर (साठवणीच्या धान्यातला) 1994 मध्ये केलेल्या प्रयोगात वास थांबत-थांबत सोडला तर नर वाऱ्याच्या विरुद्ध जवळपास सरळ उडत गेले, आणि सलग सोडला तर हळू नि नागमोडी. तुकडा लागला की पुढे झेप, तुटला की आडवं इकडे-तिकडे, हे त्याचं उडणं. लोबमधल्या स्थानिक पेशी शेजारच्या गोळ्यांना दाबून धरतात, त्यामुळे दोन तुकड्यांमधली रिकामी जागा मेंदूला स्पष्ट कळते. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो लयीचा. टोळावर काम करणाऱ्या लोरां यांच्या गटाने 1990 च्या दशकात मांडलं की वासाची ओळख पेशी एका लयीत धडधडण्यावर ठरते, मधमाशीत ही लय औषधाने मोडली तर जवळजवळचे वास तिला वेगळे कळेनात. मांडुकात हिल्डेब्रँड गटाला 2003 मध्ये पेशींचं एकदम पेटणं दिसलं पण लय दिसली नाही, तर 2009 मध्ये दुसऱ्या गटाला याच पतंगात लय दिसली, सुरुवातीला सेकंदाला 40 च्या आसपास आणि मग उतरून 20 च्या. दोन्ही मापनं आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पण कुठला गोळा पेटला हे पहिलं आणि केव्हा एकत्र पेटले हे त्यावरचं, असा क्रम लावला तर बरंचसं जुळतं.

मशरूम बॉडी : लोबमधून पुढे दोन वाटा फुटतात. एक लॅटरल हॉर्नकडे, तिथे जन्मजात वागणं ठरतं असं साधारण मानतात. दुसरी मशरूम बॉडीकडे, दुजार्दां यांनी 1850 मध्ये वर्णन केलेला, वर छत्री आणि खाली देठ असलेला भाग, अगदी पहिल्या पावसानंतर रोयणीवर (वारुळावर) उगवणाऱ्या अळम्यांसारखा. इथल्या केनयन पेशी पुष्कळ, पण एका वासाला त्यातल्या फारच थोड्या बोलतात, म्हणून आठवण साठवायला ही जागा सोयीची. मांडुकाला वास देऊन लगेच साखरपाणी दिलं की काही वेळातच तो नुसत्या वासावर सोंड पसरतो. 2008 मध्ये तर असं दिसलं की अळीच्या शेवटच्या अवस्थेत विजेचा झटका देऊन एखादा वास टाळायला शिकवला तर कोशातून बाहेर पडलेला पतंगही तो वास टाळतो. लहान अळीला शिकवलेलं मात्र टिकत नाही. कोशात सगळं शरीर विरघळून नवं बनतं असं शाळेत शिकलो होतो, तर मेंदूतलं काहीतरी त्यातूनही पार होतं.

गोव्यात : फोंड्याच्या देवळांच्या आवारात तगर आणि कण्हेर असतेच, तिच्या पानांवर कण्हेरीच्या हिरव्या पतंगाची अळी वाढते. परसातल्या पपईची फिकी फुलं संध्याकाळनंतर वास सोडतात आणि त्यांचं परागण मुख्यतः सोंड लांब असलेले हे घिरट्या घालणारे पतंगच करतात, दिवेलागणीनंतर नर पपईजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तर पंखांची घरघर ऐकू येते. शेतात या सगळ्या ज्ञानाचा थेट उपयोग म्हणजे कामगंध सापळा. आगशीच्या वांग्यांसारख्या पिकात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ही एका लहान पांढुरक्या पतंगाची, त्याच्या मादीच्या गंधाची रबरी गोळी (लूर) पाण्याच्या सापळ्यावर टांगतात आणि सकाळी पाण्यात सापडतात ते सगळे नर, कारण तो गंध टिपणारे केस आणि ते मोठे गोळे नरातच. भातातल्या पिवळ्या खोडकिड्यालाही हाच उपाय, पण त्याच्या गंधात दोन द्रव्यं 3 ला 1 या प्रमाणात लागतात, म्हणून वांग्याची लूर भातात टांगून उपयोग नाही, आणि लूर जुनी झाली की गंध विरत जातो, मग सापळा रिकामा दिसतो तेव्हा पतंग कमी झालेत असं समजण्याआधी लूर बदलून बघावी.