वाट आणि थोम : दोन्ही अंगकोर, पण एक देऊळ आणि एक शहर

नातेवाइकांच्या ग्रुपवर मावशीने फोटो टाकला होता. दगडात कोरलेला भला मोठा चेहरा, जड पापण्या, जाड ओठांवर हलकं हसू. खाली ओळ : ‘अंगकोर वाटचं दर्शन झालं. भरून पावले.’ त्यावर हात जोडलेली सतरा चिन्हं. कंबोडियाला जाऊन येईपर्यंत मीही तो चेहरा अंगकोर वाटचाच समजत होते. प्रत्यक्षात अंगकोर वाटवर असा एकही चेहरा नाही. हे चेहरे आहेत बायोन नावाच्या देवळावर, आणि बायोन आहे अंगकोर थोमच्या बरोबर मधोमध.

घोळ होतो यात नवल नाही. दोन्ही नावांच्या पुढे अंगकोर. सिएम रीप गावातून निघालं की सहाएक किलोमीटरवर वाट, आणि त्याच रस्त्याने आणखी दीडेक किलोमीटर गेलं की थोमचं दक्षिण दार. तिकीटही दोन्हींना मिळून एकच. निघण्यापूर्वी एका यात्रा कंपनीचं पत्रक पाहिलं होतं, त्यात ‘अंगकोर वाट व थोम मंदिरे – ३ तास’ अशी ओळ होती. ती वाचूनच आम्ही दोघांनी आपापलं जायचं ठरवलं. ‘थोम मंदिरे’ या दोन शब्दांत किती गफलत भरली आहे, ते मात्र तिथे जाऊन कळलं.

आधी नावं फोडून बघू. ‘अंगकोर’ म्हणजे आपलंच ‘नगर’. ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या मूळ लोकांच्या, तोंडात नगरचं नोकोर झालं आणि नोकोरचं अंगकोर. ‘वाट’ म्हणजे रस्ता नव्हे. (आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी ‘वाट लागली’चा विनोद चार वेळा केला.) संस्कृत-पालीत वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा. आपला वाडा आणि वाडी तिथूनच आले. तिकडे त्याच शब्दाचा अर्थ देऊळ, मठ असा झाला. ‘थोम’ म्हणजे मोठा. म्हणजे अंगकोर वाट हे नगरातलं देऊळ आणि अंगकोर थोम हे थोरलं नगर. एक इमारत, दुसरं अख्खं शहर.

हा फरक डोक्यात शिरायला टुकटुकवाल्याची मदत झाली. वाट बघून झाल्यावर ह्यांनी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, “तू पुढे हो, थोमला थांब, आम्ही झाडाखालून चालत येतो.” तो म्हणाला, “थोमला कुठे?” हे म्हणाले, “थोमलाच.” तो बिचारा हसला नाही. त्याने मळका नकाशा काढला आणि एका चौकोनावर बोट फिरवलं. चौकोनाची एक बाजू ३ किलोमीटर. म्हणजे तटाला वळसा घालायचा तर १२ किलोमीटर, आणि दारं पाच. आम्ही त्याला ‘पुण्यात भेटू’ असं सांगत होतो.

मग शहर आहे तर घरं कुठे आहेत? दक्षिण दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना उंच झाडं, सावली आणि किर्र आवाज, आणि दीड किलोमीटर गेल्यावर बायोन. मधे काही नाही. कारण ख्मेरांच्या लेखी दगड देवासाठी. माणसांची घरं लाकडाची, बांबूची, गवताने शाकारलेली. राजवाडासुद्धा लाकडीच. झोउ दागुआन नावाचा चिनी माणूस १२९६ साली वकिलातीबरोबर आला आणि जवळपास वर्षभर राहिला. त्याच्या टिपणांत हे नांदतं शहर आहे : बाजारात बसणाऱ्या बायका, राजाची मिरवणूक, घरांची छपरं. त्या दमट हवेत लाकूड किती टिकणार? सगळं कुजून गेलं आणि देवळं तेवढी उरली. म्हणून थोम पाहणाऱ्याला तो ‘मंदिरांचा समूह’ वाटतो. आपल्याकडे एखाद्या गावातली घरं, दुकानं, एसटी स्टँड पुसून टाकला आणि फक्त मारुतीचं, महादेवाचं आणि विठोबाचं देऊळ ठेवलं, तर परका माणूस त्यालाही तीर्थक्षेत्रच म्हणेल.

तट मात्र शाबूत आहे, आठेक मीटर उंच, जांभ्या दगडाचा. कोकणातली माणसं तिथे पोचली की हात लावून बघणारच. मी लावला. आजोळच्या पडवीच्या चिऱ्यासारखाच खरबरीत, भोकाभोकांचा.

बांधणारे राजेही वेगळे. वाट सूर्यवर्मन दुसरा याचं. तो १११३ साली गादीवर आला आणि हे देऊळ त्याने विष्णूसाठी बांधलं. थोमची आज दिसणारी तटबंदी आणि बायोन सातव्या जयवर्मनचं. दोघांमध्ये साधारण दोन पिढ्यांचं अंतर, आणि त्या अंतरात एक मोठा धक्का. चिनी नोंदींप्रमाणे ११७७ साली आजच्या व्हिएतनामकडच्या चाम लोकांनी राजधानी लुटली. ११८१ ला जयवर्मन राजा झाला, तो महायान बौद्ध. तटबंदी का घातली असेल, हे त्यावरून समजतं. याच राजाच्या शिलालेखात राज्यातल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. बायोन बौद्ध आहे हे अभ्यासकांनाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. १९२५ साली लोकेश्वराची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या बोधिसत्त्वाची, कोरीव मूर्ती असलेली एक दर्शनी पट्टी सापडली, तोवर ते हिंदू देऊळ समजलं जात होतं. चार बाजूंना चार तोंडं म्हणजे ब्रह्मदेव, असा सरळ हिशोब.

आज वाटही बौद्ध आहे, हे आपल्या लोकांना जरा जड जातं. पण पश्चिमेच्या गोपुरात भगव्या वस्त्रात गुंडाळलेली उंच अष्टभुजा मूर्ती आहे. ख्मेर लोक तिला ता रीच म्हणतात, उदबत्ती लावतात, नवस बोलतात. मूर्ती विष्णूची. नमस्कार करणारी बाई बौद्ध. तिला त्यात काही अडचण दिसली नाही.

आता फोटोवाल्यांचा मुद्दा : दिशा. वाटचं तोंड पश्चिमेला आहे. ख्मेर देवळं बहुतेक पूर्वाभिमुख, हे उलटं. ओवऱ्यांतली शिल्पंही उलट्या प्रदक्षिणेने वाचावी लागतात, म्हणून हे राजाचं समाधिमंदिर असावं असं काही अभ्यासक म्हणतात. आपल्या कामाची गोष्ट इतकीच की सूर्य देवळाच्या मागून उगवतो. पहाटे पाचला दार उघडतं, शेकडो माणसं डाव्या तळ्याच्या काठी मोबाइल वर धरून उभी, आणि मिळतं काय तर काळी आकृती. ती सुंदर आहे, पण कोरीव काम दिसावं म्हणून उजेड हवा असेल तर दुपारनंतर परत यायला हवं. बायोनचं मुख्य दार पूर्वेला, त्याच्या भिंतींवर ऊन सकाळी पडतं. ते साडेसातला उघडतं. आम्ही नेमकं उलट केलं. सकाळी वाटच्या शिल्पांसमोर अंधारात डोळे ताणले आणि दुपारी बायोनच्या सावलीतल्या भिंतीवर. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा.

पण मला वाट आणि थोम यांतला खरा फरक सापडला तो समुद्रमंथनात. ते दोन्हीकडे आहे.

वाटमध्ये ते भिंतीवर आहे, पूर्वेच्या ओवरीच्या दक्षिण भागात. जवळपास ४९ मीटर लांब एकच शिल्पपट्ट. वासुकी आडवा ताणलेला, फण्याच्या बाजूला असुरांची रांग, शेपटीकडे देवांची, मधे मंदार, त्याखाली कूर्म, आणि रवीपाशी चतुर्भुज विष्णू. सगळ्यांचे गुडघे एकाच कोनात वाकलेले, कवायतीसारखे. जवळ जाऊन तळाशी बघा : मासे, मगरी, आणि मंदाराच्या जवळ गेलेल्या प्राण्यांचे चक्क दोन तुकडे झालेले. घुसळणीचा जोर दाखवायला कोणाला तरी हे सुचलं! शेपटीच्या टोकाला एक वानर उभा आहे, त्याला बहुतेक सगळे हनुमान म्हणतात. आपल्या गोष्टीत मंथनाला मारुती नाही. हे म्हणाले, “अगं, बोलावलं नसेल, पण मदतीला आला असेल.” वर अप्सरा उडतायत. पूर्वी माणसं हात फिरवून जात, त्यामुळे खालचा दगड तेल लावल्यासारखा चकाकतो. आता दोरी आहे. आपण दोरीच्या अलीकडे उभे राहतो आणि मंथन बघतो.

थोममध्ये आपण मंथनातून चालत जातो. दक्षिण दारापुढे खंदकावर पूल आहे. पुलाच्या डाव्या कठड्याला ५४ देव, उजव्याला ५४ असुर, दोन्ही रांगांच्या हातात नाग. मिळून १०८. देवांचे डोळे बदामी आणि शांत, असुरांचे गरगरीत आणि कपाळाला आठ्या. काही डोकी फिक्या रंगाची दिसतात, ती नव्याने बसवलेली. बरीच जुनी चोरांनी नेली. या रांगा म्हणजे मंथन, आणि घुसळायची रवी म्हणजे शहराच्या मध्यावरचं बायोन, असा एक अर्थ लावला जातो. तो पटला, तर खंदक हा क्षीरसागर आणि आत राहणारी माणसं अमृताच्या बाजूची. वाटचा शिल्पकार गोष्ट सांगतो, थोमचा राजा प्रजेला गोष्टीच्या आत राहायला बोलावतो. पुलावर मी हा विचार करत होते, तेवढ्यात मागून मोटारसायकलने हॉर्न दिला. बाईच्या पुढ्यात शेवग्याच्या शेंगांसारखं काहीतरी बांधलेलं होतं आणि मागे पोरगं झोपलेलं. त्या दारातून आजही रहदारी जाते.

पाहण्याची पद्धतही मग बदलते. वाट लांबूनच एका नजरेत येतं : १९० मीटर रुंद खंदक, लांबच लांब फरसबंदी रस्ता, आणि टोकाला पाच शिखरं, मधलं जमिनीपासून ६५ मीटर. त्या आकृतीला कंबोडियाने झेंड्यावर जागा दिली आहे. बायोन लांबून दगडांचा ढीग वाटतो. जवळ गेलं की ढिगाला डोळे फुटतात. एका चेहऱ्याकडे बघावं तर त्याच्या कानामागून दुसरा बघत असतो. तो बुद्धाचा, लोकेश्वराचा की राजाचा स्वतःचा, यावर अजून वाद आहेत.

बायोनच्या बाहेरच्या भिंतीवर तर मी तासभर रेंगाळले. वाटच्या भिंतीवर कुरुक्षेत्र आहे, लंकेचं युद्ध आहे, स्वर्ग-नरक आहेत, म्हणजे आपलं ओळखीचं सगळं. इथे चाम लोकांशी झालेली नौकांची लढाई आहे, आणि तिच्या खाली मासळी विकणाऱ्या बाया, कोंबड्यांची झुंज लावणारे बाप्ये, बाळंत होणारी बाई, उकळत्या भांड्यात डुक्कर सोडणारे आचारी. बुडालेल्या झाडांमधून मासे पोहतायत, कारण पावसाळ्यात तोन्ले साप सरोवर फुगतं आणि रानात पाणी शिरतं. लाकडाची घरं गेली, पण त्या घरांतली माणसं इथे उरली आहेत.

थोममध्ये बायोनखेरीज बरंच आहे. बाफुओन हे ११ व्या शतकातलं शिवमंदिर, म्हणजे वाटच्याही आधीचं. त्याचे सुमारे तीन लाख दगड सुटे करून पुन्हा जुळवले, ते काम २०११ ला संपलं. हत्तींचा चौथरा लांबच लांब आहे. तोवर आमचे पाय बोलायला लागले होते, म्हणून तो टुकटुकमधूनच पाहिला.

आपापलं जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. २०१७ मध्ये तिकिटाचे दर वाढले ते एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२, सात दिवसांना ७२. तीन दिवसांचं घ्या, ते सलग वापरावं लागत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वाटच्या सर्वांत वरच्या मजल्याच्या जिन्याशी आमच्या पुढच्या मुलीला बिनबाह्यांच्या कपड्यांपायी परत पाठवलं. तो मजला बौद्धांच्या उपोसथाच्या दिवशी बंद असतो, म्हणजे अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या. निघण्यापूर्वी घरातलं कालनिर्णय बघून घ्या. टुकटुकवाल्याला नुसतं ‘थोम’ म्हणू नका, ‘बायोन, पूर्वेचं दार’ म्हणा.

परत आल्यावर मी मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं. “बरं,” म्हणाली. रात्री तिचा फोटो आला : देवळाच्या छपरावर बसलेलं झाड, पंज्यासारखी पसरलेली मुळं. ‘मग हे तरी वाट ना?’ ते ता प्रोम. सातव्या जयवर्मननेच ११८६ मध्ये आईच्या नावाने उभारलेलं, थोमच्या तटाबाहेर पूर्वेला. तिथल्या दुरुस्तीत आपलं भारतीय पुरातत्त्व खातं आहे, असंही मी लिहिलं. बराच वेळ काही आलं नाही. मग तिसरा फोटो. तळं, पाण्यात उलटी पडलेली पाच शिखरं, कोपऱ्यात मावशीची टोपी. वाट. शंभर टक्के वाट.

खाली तिने लिहिलं होतं : ‘हे बायोन. आता बरोबर?’