सामाजिक विमा आणि सामाजिक साहाय्य: फरक कुठे आहे, कुठे नाही

निवृत्तिवेतन, बेकारभत्ता, आजारपणातील भत्ता या सगळ्यांना ‘सरकारी मदत’ असे एकच नाव दिले, की कल्याणकारी खर्चावरची चर्चा हमखास भरकटते, कारण या रकमा दोन निराळ्या वाटांनी माणसाच्या हाती येतात. सामाजिक विम्यात कामगार आणि मालक नियमित वर्गणी भरतात आणि आजार, बेकारी किंवा म्हातारपण आले की ठरलेला लाभ मिळतो. घरात आणखी कोण किती कमावते, याची चौकशी होत नाही. सामाजिक साहाय्य करांच्या उत्पन्नातून दिले जाते. तिथे आधी काही भरलेले असण्याची अट नसते, पण आपण गरजू आहोत हे सिद्ध करावे लागते.

पहिल्या वाटेचा पाया बिस्मार्कच्या जर्मनीत घातला गेला: १८८३ मध्ये आजारविमा, १८८४ मध्ये अपघातविमा आणि १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्वाचा विमा. ब्रिटनने दोन्ही वाटा तीन वर्षांच्या अंतराने धरल्या. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना वर्गणीशिवाय आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागले, तर १९११ च्या कायद्याने आजारविम्यासाठी पुरुष कामगाराकडून आठवड्याला ४ पेन्स, मालकाकडून ३ आणि सरकारकडून २ अशी विभागणी ठरवली.

कागदावरचा हा फरक माणसाच्या उंबऱ्यावर कसा उतरतो, ते १९३१ मधल्या ब्रिटनमध्ये दिसले. बेकारीविम्याचा लाभ २६ आठवड्यांपुरता मर्यादित झाला. ती मुदत सरली की तोच माणूस, तितकाच बेकार, उत्पन्नाच्या चौकशीला पात्र ठरे. तपासनीस घरी येऊन मुलाची मजुरी, म्हाताऱ्या बापाचे पेन्शन, साठवलेली शिल्लक असे सगळे टिपून घेई आणि त्या मानाने मदत कापली जाई. बापाचा भत्ता वाचावा म्हणून कमावती मुले घराबाहेर राहायला गेल्याची उदाहरणे तेव्हा घडली. गरज मोजण्याचे हे मोजमापच घर मोडू शकते, आणि म्हणून साहाय्याच्या योजनेत रकमेइतकेच चौकशीच्या पद्धतीकडेही लक्ष द्यावे लागते.

इथून एक घट्ट समजूत तयार होते: विमा हा कमावलेला हक्क आणि साहाय्य ही मेहेरबानी. मला ती चुकीची वाटते. एक तर बहुतेक सार्वजनिक पेन्शन योजनांत आजच्या कामगारांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना पैसे दिले जातात. प्रत्येकाच्या नावाची वेगळी थैली कुठे ठेवलेली नसते. दुसरे म्हणजे, वर्गणी भरली म्हणून लाभ मालमत्तेसारखा अभंग होतो, असेही नाही. अमेरिकेत नेस्टर नावाच्या गृहस्थांनी १९३६ ते १९५५ पर्यंत सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरली होती. जुन्या कम्युनिस्ट सदस्यत्वावरून त्यांना देशाबाहेर काढले गेले आणि पेन्शन थांबले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते थांबवणे वैध ठरवले. उलट १९७० मध्ये, गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात, त्याच न्यायालयाने सांगितले की साहाय्य घेणाऱ्याचा भत्ता बंद करण्याआधी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागेल. म्हणजे हक्काचे बळ वर्गणीच्या पावतीतून येत नाही, ते कायद्याने काय बांधून दिले आहे त्यावर ठरते.

‘ज्याने भरले त्याला मिळावे’ हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते. पण भरण्याची संधी कोणाला दिली होती, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात वार्धक्यविमा आणि गरीब वृद्धांचे साहाय्य दोन्ही होते, मात्र शेतमजूर आणि घरकामगार यांना विम्यातून वगळले होते. आयुष्यभर राबूनही त्यांच्या नावे एक पैसा वर्गणी जमा होऊ शकत नव्हती, म्हणून म्हातारपणी त्यांना साहाय्याच्याच रांगेत उभे राहावे लागे. त्यांच्यापैकी नियमित कामावर असलेल्यांना विम्याचे दार १९५० च्या दुरुस्तीने उघडले.