वेणी, मटण आणि एक्स-रेतला डाग

छातीच्या एक्स-रेत गळ्याच्या हाडामागे, फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला पांढुरकी सावली दिसली की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय क्षयाचा येतो. क्षयाच्या जंतूला प्राणवायू भरपूर लागतो आणि फुफ्फुसाच्या टोकाला तो जास्त मिळतो, म्हणून जुने व्रण बहुतेक तिथेच सापडतात. नेमकी तशीच सावली मानेवरून खांद्यावर आलेली जाड वेणीसुद्धा पाडते. केस ओले असतील तर आणखी ठळक.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा अमेरिकेच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, जी मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, करावी लागते तिची तयारी म्हणजे बऱ्याच अंशी अशा खोट्या खुणा टाळणं. आदल्या आठवड्यात काही खाऊन-पिऊन तब्येत सुधारत नाही. पण आदल्या रात्री जे केलं ते रक्तात, लघवीत आणि रक्तदाबात दुसऱ्या दिवशी दिसतं, आणि आजार नसताना फेरतपासणी मागे लागते.

एक्स-रेला जाताना केस डोक्यावर घट्ट बांधा. मंगळसूत्र, चेन, ताईत, हुक असलेले अंतर्वस्त्र, सगळं काढून ठेवा. छाती एक्स-रेच्या प्लेटला टेकवून, खांदे पुढे वळवून उभं करतात. खांद्याची हाडं बाजूला सरकावीत म्हणून तसं करतात. मग 'श्वास घ्या, धरून ठेवा' म्हटलं की पूर्ण खोल घ्यायचा. अर्धवट श्वासात फुफ्फुसाचा तळ दाटल्यासारखा दिसतो आणि हृदय उगाच मोठं भासतं. एका फोटोतलं किरणोत्सर्गाचं प्रमाण साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून काही दिवसांत मिळतं तेवढंच. तरी गरोदर असाल तर आधी सांगा. एक्स-रे बाळंतपणानंतर काढता येतो, फक्त तोवर अर्ज अडतो. कॅनडा-ऑस्ट्रेलियासाठी एक्स-रे ११ वर्षांपासून पुढे लागतो, एचआयव्हीची रक्ततपासणी १५ पासून.

डाग खरा निघाला तर? तो वीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचा असला तरी बेडका तपासतातच. लागोपाठ तीन दिवस सकाळी नमुना द्यायचा, तोही तिथल्या माणसाच्या देखरेखीखाली, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाचा तीन दिवस मुक्काम पडतो. लाळ चालत नाही, खोल खोकून छातीतून आलेलाच बेडका हवा. सूक्ष्मदर्शकाचा निकाल लवकर येतो, पण तो पुरेसा मानत नाहीत, कारण एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय ते काचेवर सहसा सापडत नाहीत. म्हणून कल्चर लावतात, म्हणजे बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहतात. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला पंधरा-वीस तास लागतात, तर आपल्या आतड्यातला ई-कोलाय तेच काम वीस मिनिटांत उरकतो. कल्चरला सहा ते आठ आठवडे जातात ते यामुळे. लॅबवर चिडून उपयोग नाही.

इथे कामाला येतात जुने कागद. ज्यांनी कधी सहा महिन्यांचा कोर्स केलाय, त्यांनी सरकारी क्षयरोग केंद्रातून उपचार पूर्ण झाल्याचा दाखला आणि निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) काढून ठेवावा, आणि जुना एक्स-रे शोधावा. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या फिल्म शेजारी ठेवल्या आणि डाग तसाच असला, तर तो निवलेला आहे हे सांगणं सोपं जातं.

आता कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. पीआरच्या रक्ततपासणीत काही देश मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहतात. मांसात क्रिएटिन असतं, आणि ते रटारटा शिजलं की त्यातलं काही क्रिएटिनिनमध्ये बदलतं. तांबड्या-पांढऱ्यासोबत मटणाचं ताट झालं की पुढचे काही तास हे क्रिएटिनिन रक्तात फिरतं आणि मूत्रपिंड ठणठणीत असूनही आकडा चढतो. रक्त देण्याआधी निदान बारा तास, जमल्यास आदला पूर्ण दिवस मटण बाजूला ठेवा. रस्सा कुठे पळून जात नाही.

तालमीत किंवा जिममध्ये कमावलेल्या शरीराची अडचण वेगळी आहे. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, तेव्हा स्नायू जास्त तर ते जास्त. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ज्या सूत्राने काढतात त्याला फक्त वय, लिंग आणि क्रिएटिनिन कळतं, दंड-मांड्या दिसत नाहीत. ३० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.६ आलं तर सूत्र क्षमता ५९ च्या आसपास दाखवतं, आणि ६० च्या खाली गेलं की प्रश्न सुरू होतात. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी न विसंबणारी तपासणी करून घ्यायची विनंती करता येते. क्रिएटिनची पावडर घेत असाल तर आठवडाभर आधी थांबवा आणि घेत होतो हे सांगा. जोर-बैठकाही दोन-तीन दिवस बंद ठेवा. कडक मेहनतीनंतर लघवीत प्रथिनं आणि रक्ताचा अंश उतरतो.

लघवी मधल्या धारेची द्यायची. पाळीच्या दिवसांत देऊ नका, तारीख पुढे घ्या. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर लघवीत साखर येणारच, कारण साखर लघवीवाटे बाहेर टाकणं हेच त्या गोळीचं काम. चिठ्ठी सोबत ठेवा. आजार लपवण्यासाठी बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस बंद करणारे महाभाग असतात. त्याने उलट आटोक्यातला आजार सुटलेला दिसतो.

कुठल्याही डॉक्टरांचा रिपोर्ट इथे चालत नाही, मग तो कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा असो की राजारामपुरीतल्या नावाजलेल्या दवाखान्याचा. त्या-त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच जावं लागतं, यादी सरकारी संकेतस्थळावर असते, आणि कोल्हापूरकरांना बहुधा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर डुलक्या घेत जायचं आणि स्टेशनवरून थेट दवाखान्यात शिरायचं, हे रक्तदाबाच्या दृष्टीने वाईट. आदल्या दिवशी पोहोचा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, आणि पट्टा फुगत असताना गप्पा नकोत. बाहीवरून पट्टा बांधू देऊ नका.

मूळ पासपोर्ट, चष्मा, औषधांची यादी, ऑस्ट्रेलियासाठी हॅप आयडी (त्यांच्याकडून तपासणीसाठी मिळणारा क्रमांक), हे आदल्या रात्रीच पिशवीत टाका. डॉक्टर पास-नापास करत नाहीत, ते निकाल वर पाठवतात आणि निर्णय त्या देशाचा अधिकारी घेतो.

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या पीआरच्या योजनेत, २१ ऑगस्ट २०२५ पासून मेडिकल अर्जाआधीच करावी लागते. अर्ज करा असं कॅनडाकडून आमंत्रण आल्यापासून अर्जाला ६० दिवस मिळतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. निकाल साधारण १२ महिने धरला जातो, आणि पीआर मिळाल्यावर कॅनडात पाऊल ठेवायची शेवटची तारीख बहुधा याच मुदतीवर किंवा पासपोर्टच्या मुदतीवर ठरते, जी आधी संपेल ती. नोकरीचा राजीनामा आणि विमानाचं तिकीट या दोन्हींआधी ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.