फ्रांक मार्तँ

मार्तँ, फ्रांक : (१५ सप्टेंबर १८९० – २१ नोव्हेंबर १९७४). स्विस संगीतरचनाकार, पियानो व हार्प्सिकॉर्डवादक आणि संगीतशिक्षक. जन्म जिनीव्हा येथे. कॅल्व्हिनपंथी (प्रॉटेस्टंट) धर्मोपदेशक शार्ल मार्तँ यांच्या दहा अपत्यांतील हे शेंडेफळ. वयाच्या नवव्या वर्षापासून ते गाणी रचू लागले आणि बाराव्या वर्षी त्यांनी जर्मन संगीतकार बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हे ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यू यांवरील संगीत ऐकले. त्या अनुभवाची छाया त्यांच्या संगीतावर अखेरपर्यंत राहिली. आईवडिलांच्या इच्छेखातर त्यांनी जिनीव्हा विद्यापीठात गणित आणि भौतिकीचा अभ्यास सुरू केला, पण तो पुरा केला नाही. संगीत महाविद्यालयाची पायरी मात्र ते विद्यार्थी म्हणून कधीच चढले नाहीत. पियानो आणि रचनाशास्त्राचे धडे त्यांनी जोसेफ लाउबर यांच्याकडे खासगीरीत्या घेतले.

१९१८ ते १९२६ या काळात झुरिक, रोम आणि पॅरिस येथे राहून ते जिनीव्हाला परतले. तेथे एमिल झाक-दालक्रोझ यांच्या संस्थेत त्यांनी आधी शिक्षण घेतले व मग अध्यापन केले. लय कानाइतकीच शरीराच्या हालचालींतून शिकायची असते, ही दालक्रोझ यांची शिकवण. मार्तँ यांचे लयीचे कुतूहल त्याही पलीकडे गेले : प्राचीन, बल्गेरियन आणि भारतीय लयींचा त्यांनी या वर्षांत अभ्यास केला. ‘रिद्म’ (१९२६) ही वाद्यवृंदरचना त्यातूनच आली.

याच सुमारास त्यांनी दुहेरी गायकवृंदासाठी, वाद्यांच्या साथीविना गायची ‘मास’ (ख्रिस्ती उपासनेतील प्रार्थनांची संगीतरचना) रचली (१९२२; शेवटचा ‘आन्युस देई’ हा भाग १९२६). ही प्रार्थना म्हणजे देव आणि आपण यांच्यातला खासगी मामला आहे, असे मानून त्यांनी ती सादरच होऊ दिली नाही. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले. पहिला प्रयोग हँबुर्गमध्ये १९६३ साली झाला. नंतर ती विसाव्या शतकातील वृंदगायनाची एक प्रमुख रचना मानली जाऊ लागली.

मार्तँ यांना स्वतःचा आवाज सापडायला पन्नाशी गाठावी लागली. १९३० नंतर त्यांनी आर्नोल्ट शोनबर्ग यांच्या बारा-स्वर पद्धतीचा अभ्यास केला. सप्तकातील बाराही स्वर ठरवलेल्या क्रमाने घ्यायचे, कोणालाही आधारस्वराचा मान द्यायचा नाही, असे हे तंत्र. मार्तँ यांनी त्यातील शिस्त उचलली, पण आधारस्वर सोडायला ते तयार नव्हते. बारा स्वरांची मालिका वर फिरत असताना खाली ओळखीचे स्वरमेळ हळूहळू सरकत राहतात, आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन हलते पण नाहीशी होत नाही. बारा-स्वरवाले आणि परंपरावादी अशा दोन्ही पंथांतील कट्टरांना हे तडजोडीचे वाटणे स्वाभाविक होते. तरी त्यांचे सगळे श्रेष्ठ संगीत या ताणातूनच निर्माण झाले आहे.

‘ल व्हँ एर्बे’ (१९३८–४१) या रचनेत ही शैली प्रथम पूर्णपणे दिसते. ट्रिस्टन आणि इसोल्ड यांची मध्ययुगीन प्रेमकथा जर्मन ऑपेराकार वाग्नरने प्रचंड वाद्यवृंदाच्या लाटांवर मांडली होती. मार्तँ यांनी तीच कथा बारा गायक, सात तंतुवाद्ये आणि एक पियानो एवढ्यांवर भागवली. गायक मिळून कथा सांगतात; पात्रे त्या समूहातूनच पुढे येतात व परत त्यात मिसळतात. झुरिकमध्ये १९४२ साली ती पूर्ण सादर झाली आणि १९४८ मध्ये साल्झबुर्ग महोत्सवात रंगमंचावर आली. इतक्या कमी साधनांत इतका शोक क्वचितच कोणी उभा केला असेल.

१९४४ मध्ये जिनीव्हा रेडिओने त्यांच्याकडे एक अनोखे काम दिले : युद्ध संपेल त्या दिवशी प्रक्षेपित करायची रचना. बायबलमधील उतारे निवडून त्यांनी ‘इन तेर्रा पाक्स’ लिहिली. ७ मे १९४५ रोजी अर्नेस्ट आन्सेर्मे यांच्या संचालनाखाली ती प्रसारित झाली. आन्सेर्मे हे त्यांचे मोठे पुरस्कर्ते, तर दुसरा आधार स्विस वाद्यवृंदसंचालक पाउल साखर यांचा. साखर यांच्या मागणीवरून लिहिलेल्या ‘पतीत सँफनी काँसेर्तांत’ (१९४४–४५) या रचनेने त्यांना जगभर ओळख दिली. हार्प, हार्प्सिकॉर्ड आणि पियानो ही तीन वाद्ये पुढे आणि दोन तंतुवाद्यवृंद मागे, अशी तिची मांडणी आहे. तारा छेडून, तारांवर आघात करून आणि गज ओढून निघणारा नाद येथे एकमेकांशेजारी येतो. रेम्ब्रांटचे ‘तीन क्रूस’ हे कोरीव मुद्राचित्र पाहून सुचलेले ‘गोल्गोथा’ (१९४५–४८) हे ख्रिस्ताच्या क्रूसारोहणावरील संगीत बाखच्या ऋणाची उघड कबुलीच म्हणावे लागेल.

१९४६ मध्ये मार्तँ पत्नी मारिया बूके यांच्या देशात, नेदरलँड्समध्ये स्थायिक झाले. आधी अ‍ॅम्स्टरडॅम, पुढे नार्डेन. १९५० ते १९५७ या काळात त्यांनी कोलोन येथे रचनाशास्त्र शिकवले. पुढे इलेक्ट्रॉनिक संगीताचे अग्रणी ठरलेले कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन काही काळ त्यांचे विद्यार्थी होते, आणि गुरुशिष्यांच्या वाटा याहून वेगळ्या असू शकल्या नसत्या. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकावरील ‘डेर श्टुर्म’ हा ऑपेरा व्हिएन्नात १९५६ साली झाला.

उतारवयात त्यांची जिज्ञासा उलट वाढली. ‘पोएम द ला मोर’ (१९६९–७१) मध्ये तीन पुरुष गायकांसोबत तीन इलेक्ट्रिक गिटार आहेत. मुलगी तेरेसा फ्लामेंको या स्पॅनिश नृत्यप्रकाराची नर्तिका असल्याने त्या लयींवरही त्यांनी लिहिले. ‘रेक्वियम’ या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचे पहिले संचालन लोझानच्या कॅथीड्रलमध्ये १९७३ साली त्यांनी स्वतः केले, तेव्हा वय ८२ होते. त्याच वर्षी व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासाठी ‘पोलिप्तीक’ पूर्ण झाले. ‘ए ला व्ही लांपोर्ता’ ही अखेरची कांटाटा (गायक व वाद्यांसाठीची रचना) अपुरी राहिली. ती बेर्नार रायशेल यांनी पुरी केली.

मार्तँ यांचे ऑपेरे आज फारसे रंगमंचावर येत नाहीत. बासरी, सॅक्सोफोन, ट्राँबोन यांसाठीच्या ‘बालाद’ नावाच्या रचना मात्र वादकांच्या नेहमीच्या संग्रहात आहेत. बासरीची ‘बालाद’ तर १९३९ च्या जिनीव्हा स्पर्धेसाठीच लिहिलेली. गिटारच्या चार छोट्या रचना (१९३३) त्यांनी स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियांसाठी केल्या होत्या. सेगोव्हियांनी त्या वाजवल्या नाहीत. पुढच्या पिढीत इंग्रज गिटारवादक ज्युलियन ब्रीम यांनी त्या उचलल्या आणि आता गंभीर गिटारवादकाला त्या टाळता येत नाहीत.