कार्बनपाशी अडलेलं कोडं

महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत फारच थोडी मूलद्रव्यं तयार झाली: वस्तुमानाने सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन, उरलेला जवळपास सगळा हेलियम आणि नावापुरतं लिथियम. १९४८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो आणि राल्फ आल्फर यांचा दावा मात्र सगळीच मूलद्रव्यं तेव्हा जन्मली असा होता. तो हेलियमपाशी अडला. ५ आणि ८ वस्तुमानांकाचं, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून तेवढे कण असलेलं, एकही अणुकेंद्र टिकत नाही. मग एकेक कण जोडत पुढे जायचं कसं?

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी उत्तर ताऱ्यांच्या गाभ्यात शोधलं. तिथे तीन हेलियम केंद्रं मिळून कार्बन बनू शकतो. पण दोन जुळून होणारं बेरिलियम क्षणार्धाच्याही अतिसूक्ष्म अंशात फुटतं. तेवढ्यात तिसरं येऊन मिळायचं, तर कार्बनच्या केंद्राला नेमक्या ऊर्जेची एक उत्तेजित (नेहमीपेक्षा जास्त ऊर्जेची) अवस्था असायलाच हवी, असं हॉईल यांचं गणित सांगत होतं. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संशोधन संस्थेत जाऊन त्यांनी ती शोधायचा आग्रह धरला. तिथले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फाउलर यांना आधी ते पटेना. वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने नायट्रोजनवर ड्यूटेरॉनचा (जड हायड्रोजनच्या केंद्रांचा) मारा करून पाहिलं, आणि ती अवस्था ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी सापडली! कार्बन आहे त्या अर्थी ही अवस्था असणारच, असं प्रयोगाआधी ठामपणे सांगण्याचं हे धैर्य मला विज्ञानाच्या इतिहासात विरळा वाटतं.

मूलद्रव्यं ताऱ्यांत घडतात याचा पुरावा आकाशातही होता. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. या किरणोत्सारी मूलद्रव्याचा सर्वांत दीर्घायुषी प्रकारही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा होतो, म्हणजे ते त्या ताऱ्यांतच घडत असलं पाहिजे.

१९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉईल यांनी शंभराहून अधिक पानांच्या निबंधात ही सारी प्रक्रिया मांडली. या कामासाठी १९८३ चं नोबेल फाउलर यांना मिळालं, हॉईल यांना नाही. हा अन्यायच होता. आपले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये याच हॉईल यांचे विद्यार्थी.

लोखंडापलीकडची मूलद्रव्यं बहुतांशी न्यूट्रॉन शोषून बनतात. सोन्यासारख्यांना तर न्यूट्रॉनांचा अक्षरशः भडिमार लागतो. तो कुठे होतो, याचा एक पत्ता १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाला: सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वीय लहरींपाठोपाठ दुर्बिणींना त्यांची चमकही दिसली, आणि त्या प्रकाशात पुढे स्ट्रॉन्शियम या लोखंडापलीकडच्याच मूलद्रव्याची खूण ओळखता आली.