रोमच्या सहाय्यक पलटणीत भरती: पात्रता, कागदपत्रं आणि पंचवीस वर्षांनी हातात पडणारी सनद

खालची माहिती सम्राट ट्राजनच्या काळातली, म्हणजे इ.स. ९८ ते ११७ मधली आहे. आधीचे आणि नंतरचे नियम जिथे वेगळे होते, तिथे तसं सांगितलंय.

ही भरती कुणासाठी

रोमचा नागरिक असाल तर तुम्ही लीजनमध्ये, म्हणजे नागरिकांच्या मुख्य फौजेत जायचं. नागरिक नसाल, थ्रेसचे, स्पेनचे, सीरियाचे नाहीतर ब्रिटनचे असाल, तर तुमच्यासाठी ऑक्झिलिया, म्हणजे सहाय्यक पलटणी. पायदळाच्या तुकडीला कोहोर्ट म्हणत आणि घोडदळाच्या तुकडीला ‘आला’. लॅटिनमध्ये आला म्हणजे पंख, पण मराठी कानाला कुणीतरी दारात आल्यासारखंच वाटणार. एका तुकडीत साधारण पाचशे माणसं, मोठी असेल तर आठशे-हजार.

‘अर्ज’ हा शब्द जरा सैल घ्या. हौसेने येणारे होते तसे पकडून आणलेलेही होते. इ.स. ६९ मध्ये ऱ्हाईनच्या मुखाशी राहणाऱ्या बटावी लोकांत सक्तीची भरती निघाली. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की, भरती अधिकारी मुद्दाम म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना धरून नेत, म्हणजे पैसे घेऊन सोडता येईल. त्याच वर्षी बटावींनी बंड केलं.

पात्रता

पहिली अट म्हणजे अर्जदार स्वतंत्र हवा. गुलाम चालत नाही, आणि या बाबतीत रोमन सरकार अजिबात ऐकून घेत नाही. बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) राज्यपाल प्लिनी याच्याकडे आलेल्या भरतीत दोन गुलाम सापडले. शपथ झाली होती, तुकडी मिळायची होती. त्याने थेट ट्राजनला विचारलं. ट्राजनचं उत्तर असं: सक्तीने आणले असतील तर चूक भरती अधिकाऱ्याची, कुणी आपल्या बदली पाठवले असतील तर दोष पाठवणाऱ्याचा, पण आपण कोण आहोत हे माहीत असून आपणहून आले असतील तर देहदंड. अजून तुकडीत नाव चढलं नव्हतं ही सबब चालणार नाही. निवड झाली त्याच दिवशी त्यांनी खरं सांगायला हवं होतं.

शरीराच्या अटींबद्दल सरकार त्यामानाने दिलदार. एकच वृषण असलेला माणूस सैन्यात राहू शकतो असा ट्राजनचा निर्णय कायद्याच्या ग्रंथात नोंदलेला आहे, आणि सुल्ला व कोट्टा हे सेनापतीही तसेच होते असा दाखलाही वर जोडलाय! अंगठा कापून घेऊन भरती टाळायची युक्ती मात्र महागात पडे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात एका प्रतिष्ठित गृहस्थाने आपल्या दोन मुलांचे अंगठे छाटले, तेव्हा ऑगस्टसने त्या बापालाच लिलावात उभं केलं.

कागदपत्रं

जन्मदाखला, रहिवासी दाखला असलं काही गोळा करत बसावं लागत नाही. लागते ती ओळखीच्या माणसाची चिठ्ठी. अर्थात चिठ्ठीने काम होतंच असं नाही. इजिप्तमधल्या क्लॉडियस टेरेन्टियानस नावाच्या पोराला आरमारातून कोहोर्टमध्ये बदली हवी होती. त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र पपायरसवर शिल्लक आहे. त्यात तो म्हणतो की, इथे पैशाशिवाय काही हलत नाही आणि शिफारसपत्रांचाही उपयोग नाही, माणसाने स्वतःच हातपाय मारावे लागतात.

निवड झाली की पुढचं पत्र सरकारच पाठवतं. असं एक पत्र इजिप्तच्या ऑक्सिरिंकस गावी सापडलं. साल १०३. इजिप्तचा प्रशासक मिनिकियस इटालस तिसऱ्या इटुरियन कोहोर्टच्या प्रमुखाला कळवतो की, मी तपासून पास केलेले सहा नवे शिपाई १९ फेब्रुवारीपासून हजेरीपटावर घ्या. खाली प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखीची खूण. एकाच्या डाव्या भुवईवर, एकाच्या डाव्या हातावर, एकाच्या कपाळाच्या उजव्या बाजूला. बाकीच्या तिघांपुढे ‘खूण नाही’. वयं वीस ते पंचवीस. पत्र पोचल्याची नोंद २४ फेब्रुवारीची, म्हणजे मुलं कागदोपत्री पाच दिवस आधीच रुजू.

रुजू होताना

शपथ घ्यायची आणि प्रवासभत्ता घ्यायचा: ७५ दिनार, म्हणजे सोन्याची तीन नाणी. आरमारात भरती झालेल्या आपियॉनने घरी लिहिलेल्या पत्रात ही तीन नाणी मिळाल्याचं आवर्जून कळवलंय. त्याच पत्रात खाली, आता माझं नाव अँटोनियस मॅक्सिमस. इजिप्शियन पोराचं नाव रोमन झालं, पण नागरिकत्व अजून पुष्कळ लांब होतं.

पगार वर्षातून तीन हप्त्यांत, कापाकापी करून. सेवेत असताना लग्न करता येत नाही. लोक संसार थाटत, मुलंही होत, पण कायद्याच्या लेखी ती बायको नाही आणि ती मुलं त्याची नाहीत.

सनद

मुदत २५ वर्षं, आरमारात २६. सन्मानाने सुटलात तर नागरिकत्व. ते ब्राँझच्या दोन पत्र्यांवर कोरून मिळतं. एकच मजकूर दोनदा, आत आणि बाहेर. दोन्ही पत्रे तारेने एकत्र बांधायचे आणि तारेवर सात साक्षीदारांच्या मोहरा. बाहेरचा मजकूर रोजच्या वापरासाठी. कुणी शंका घेतली तर मोहरा फोडून आतला वाचायचा. आपल्याकडचे कडीत ओवलेले, मोहर लावलेले ताम्रपट ज्यांनी पाहिलेत त्यांना कल्पना लगेच येईल. मूळ यादी रोममध्ये दिवंगत ऑगस्टसच्या मंदिरामागच्या भिंतीवर लावलेली, आणि ही तिची साक्षांकित प्रत, असं पत्र्यावरच कोरलेलं असतं.

इजिप्तमध्ये ते सहा जण रुजू झाले त्याच वर्षी, १९ जानेवारी १०३ च्या तारखेने, ब्रिटनमध्ये रेबुर्रस नावाच्या स्पॅनिश घोडेस्वार नायकाला अशी सनद मिळाली. ती १८१२ साली माल्पस गावाजवळ निघाली आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नागरिकत्व त्याला, त्याच्या मुलांना आणि पुढच्या वंशाला. शिवाय आत्ता असलेल्या, किंवा पुढे करील त्या बायकोशी कायदेशीर लग्न. त्यापुढे कारकुनी शब्द: प्रत्येकाला फक्त एकच.

सवलत

पराक्रम गाजवलेल्या तुकडीला मुदतीआधी नागरिकत्व मिळू शके. डाकियाच्या (आजचा रुमानिया) युद्धात लढलेल्या पहिल्या ब्रिटिश कोहोर्टला ते ११ ऑगस्ट १०६ ला मिळालं. त्यातला नोव्हांटिको, आजच्या लेस्टरचा. त्याची सनद मात्र ११० सालची. चार वर्षं कागद कुठे अडकला होता कोण जाणे.

नंतर बदललेले नियम

इ.स. १४० च्या सुमारास मुलांबद्दलचं कलम गळालं. सेवेत असताना झालेल्या मुलांना सनदेने नागरिकत्व मिळेना, सुटल्यावर रीतसर लग्नातून झालेल्यांनाच मिळे. १०३ मधल्या त्या सहा जणांची मुदत १२८ साली पुरी होणार होती, म्हणजे ते यातून वाचले.

२१२ साली सम्राट काराकालाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्याच स्वतंत्र माणसांना नागरिक करून टाकलं. पंचवीस वर्षं ब्रिटनच्या थंडीत काढून पत्रा मिळवलेल्या माणसाचा गावातला शेजारी, ज्याने कधी भाला हातात धरला नव्हता, तोही त्यात आला.