कोरड्या जाळीशेजारचं डबकं

छप्पर असलेल्या एका वाहनतळात गाडीतून उतरताना माझा पाय थेट पाण्यात गेला. डबकं एखाद्या दाराच्या फळीएवढं. तिथून चार पावलांवर, खांबाच्या पायथ्याशी, पाणी जायची जाळी होती. तिच्यात धूळ, एक वाळकं पान आणि कोळ्याचं जाळं. म्हणजे तिथवर पाणी कित्येक महिन्यांत पोचलंच नव्हतं. जाळी तुंबलेली नव्हती, ती डबक्यापेक्षा उंचावर होती.

छपराखाली पाणी येतंच कुठून? भिजून आलेली गाडी ठिबकत राहते, कडेच्या उघड्या बाजूंनी झड येते, कुणी गाडी धुतं, कुठे पाइप गळतो. हे पाणी थोडं थोडं येतं, आणि खरी पंचाईत तीच आहे. उघड्यावरची जमीन एखादी जोरदार सर धुऊन काढते. इथे सर नाही, ऊन नाही, वाराही बेताचाच. त्यात फरशी तेलकट. तेलकट फरशीवर पाणी पातळ पसरत नाही. पृष्ठताणामुळे ते गोलसर कडा धरून दोन-तीन मिलिमीटर जाडीचं तसंच बसून राहतं आणि चाकांची माती तिथेच तळाशी बसते.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: ढाळ द्या. पण किती? १ टक्का ढाळ म्हणजे मीटरला १ सेंटिमीटर उतार. खरं तर पाण्याला एवढासुद्धा लागत नाही. सपाट मैदानातल्या मोठ्या नद्या किलोमीटरला काही सेंटिमीटर उतारावर वाहतात. गुळगुळीत फरशीवरचा १ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर १ टक्का ढाळावर सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे पाच मीटर जायला तीन मिनिटंही लागत नाहीत. मग वाहनतळांसाठी दीड ते दोन टक्के ढाळ का सांगतात?

कारण तो ढाळ पाण्यापेक्षा फरशीच्या चुका झाकण्यासाठी लागतो. तीन मीटरची सरळ पट्टी ठेवली आणि मधे ५ मिलिमीटरची फट दिसली, तर गवंड्याचं काम वाईट म्हणता येणार नाही. पण तो खळगा वाटीसारखा धरला, तर त्याच्या कडेचा चढ साधारण ०.७ टक्का भरतो. अर्धा टक्का ढाळ दिला असेल, तर तो चढ ओलांडायला पाण्याकडे बळच उरत नाही. कागदावर ढाळ आहे, जमिनीवर डबकं.

दुसरी चूक पुढे हळूहळू घडते. स्लॅब स्वतःच्या वजनाने मधोमध झोळ घेतो आणि काँक्रीट वर्षानुवर्षं थोडं थोडं वाकत राहतं. दोन आधारांमधल्या अंतराच्या अडीचशेव्या भागापर्यंतचं वाकणं बांधकामशास्त्रात सहसा चालवून घेतात. खांबांमधे ७.५ मीटर असतील तर ३ सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण साध्या झोळाचं गणित मांडलं तर आधाराजवळ १.६ टक्के चढ तयार होतो. गंमत म्हणजे अंतर कितीही घ्या, ही मर्यादा गाठली की आकडा तोच येतो. आता एका खांबाकडून दुसऱ्याकडे १ टक्का ढाळ दिला असेल, तर खालच्या खांबाजवळ पाण्याला चढावं लागणार. २ टक्के दिला तर ०.४ टक्के उतार तरी शिल्लक राहतो.

आणि जाळी मात्र खांबाशीच बसवतात! उभा पाइप खांबाला चिकटवून खाली नेणं सोयीचं पडतं. पण स्लॅब खांबापाशीच सगळ्यांत कमी वाकतो. मधल्या खोलगट भागात जाळी ठेवली तर पाइप खालच्या मजल्याच्या छताला लोंबतो आणि उंच गाडीच्या टपाला लागायची भीती असते. दोन्हीतलं एक गैरसोयीचं निवडावंच लागतं. माझ्या मते पाइपची गैरसोय परवडते.

मग ढाळ ४ टक्के का नको? चाकाच्या खुर्चीत बसून गाडीतून उतरणाऱ्याला तिरप्या जमिनीवर खुर्ची स्थिर ठेवावी लागते. अमेरिकेच्या नियमांत अशा जागेला कुठल्याही दिशेने १:४८ पेक्षा, म्हणजे साधारण २ टक्क्यांपेक्षा, जास्त ढाळ चालत नाही. शिवाय सपाट स्लॅबवर नंतर थर चढवून ढाळ काढायचा तर पाच मीटरला २ टक्क्यांसाठी एका टोकाला १० सेंटिमीटर काँक्रीट लागतं, सरासरीने चौरस मीटरला सुमारे १२० किलो जादा वजन. त्या वजनाने स्लॅब आणखी झोळ घेणार. म्हणून ढाळ मुळात स्लॅबच्या साच्यातच धरलेला बरा.

काही महिन्यांनी मी त्याच वाहनतळात गेलो. कुणीतरी छिन्नीने डबक्यापासून जाळीपर्यंत बोटभर खोल चर खोदली होती आणि पाणी खरोखरच वाहत होतं. फक्त सळ्यांवर काँक्रीटचं आवरण दोन-तीन सेंटिमीटरचंच असतं, आणि गंजलेली सळई मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागते. चरीच्या तळाशी एक तांबूस रेघ दिसू लागली होती.